चाच्यांच्या बेटावरचे शांतिदल कथेत पटण्याजोगे कसे उभे करावे?

निळी_शाई

नमस्कार. गेले काही महिने मी एका दीर्घकथेवर काम करत आहे आणि ती एका ठिकाणी येऊन अडून बसली आहे. येथे समुद्राच्या इतिहासाची जाण असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

कथेचा काळ इसवी सन १७१६ च्या सुमाराचा आणि स्थळ कॅरिबियन परिसरातील एक काल्पनिक बेट. बेटावर कोणत्याही राजाचा अंमल उरलेला नाही, जुना गव्हर्नर पळून गेलेला आहे. किल्ल्याची समुद्राकडची भिंत ढासळलेली आहे, चर्चमध्ये पिंपे साठवलेली आहेत आणि बंदरात एका वेळी आठ-दहा चाच्यांची जहाजे नांगरलेली असतात. लूट वाटताना, जुगारात किंवा दारूच्या गुत्त्यात रोज कोणी ना कोणी मारला जातो. शेवटी पाच कप्तान एकत्र येऊन चाळीस माणसांचे एक दल नेमतात. या दलाला बेटावरचे लोक 'बंदरचौकी' म्हणतात. तिचा प्रमुख म्हणजे तोफांच्या आवाजाने एका कानाने बहिरा झालेला एक उतारवयाचा गोलंदाज. तो स्वतः वीस वर्षे चाचेगिरी केलेला आहे. बंदरात कोणी कोणावर शस्त्र उपसायचे नाही, एवढेच काम चौकीला नेमून दिलेले आहे. समुद्रावर कोण काय करतो याच्याशी तिला कर्तव्य नाही.

पहिला खर्डा मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचायला दिला. तिने तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "ज्यांचा धंदाच कायदा मोडण्याचा आहे, ते या चाळीस जणांचे का ऐकतील?" मला उत्तर देता आले नाही. कथेत मी गोलंदाजाचा दरारा, त्याचा भूतकाळ, त्याची नजर असे बरेच काही लिहिले आहे. पण नजरेच्या जोरावर बंदर चालत नाही, हे मलाही कळते. या लोकांचा पगार कोठून यावा, त्यांचा हुकूम कशाच्या बळावर चालावा आणि असे काही प्रत्यक्षात कधी घडले होते का, या तीन गोष्टींवर आपण मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन. कथा काल्पनिक आहे, पण तिच्या पायाखालची जमीन खरी असावी अशी इच्छा आहे.

---

जुने_नकाशे

आपले बेट काल्पनिक असले तरी त्याचे जुळे भावंड इतिहासात आहे, आणि आपण ते मनात ठेवूनच लिहीत असाल असे वर्णनावरून वाटते. बहामा द्वीपसमूहातील न्यू प्रॉव्हिडन्स बेट आणि त्यावरचे नासाऊ गाव. १७०३ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांनी मिळून ते जाळले, त्यानंतर तेथे राज्यकारभार म्हणावा असे काही शिल्लक राहिले नाही. १७१३ मध्ये युट्रेक्टचा तह झाला, युद्ध संपले आणि हजारो खलाशी एका दिवसात बेकार झाले. त्यातच १७१५ च्या जुलैअखेरीस स्पेनचा खजिन्याचा ताफा फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर वादळात फुटला. बुडालेली चांदी वर काढणाऱ्या स्पॅनिश छावणीवर हेन्री जेनिंग्जने धाड घातली आणि मग साऱ्या समुद्राला या बेटाचा पत्ता कळला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. नासाऊमध्ये शांतता राखण्याचा पहिला प्रयत्न एका एकट्या माणसाने केला. टॉमस वॉकर हा तेथे राहणारा, पूर्वी न्यायाधीशाचे काम केलेला गृहस्थ. त्याने चाच्यांना पकडण्याचा प्रयत्न केला आणि वरिष्ठांना पत्रांवर पत्रे लिहिली. त्याच्या मागे ना सैन्य होते, ना तोफा. बेंजामिन हॉर्निगोल्ड नावाच्या कप्तानाने त्याला उघड धमकावले, सगळे चाचे आपल्या संरक्षणाखाली असल्याचे जाहीर केले आणि १७१६ मध्ये वॉकरला कुटुंबासह बेट सोडावे लागले. म्हणजे आपल्या कथेच्या नेमक्या वर्षी कायद्याचा माणूस बेटावरून हाकलला गेला आणि 'संरक्षण' हा शब्द चाच्यांच्या तोंडी आला. हॉर्निगोल्डचे ते संरक्षण हीच खरे तर आपल्या बंदरचौकीची पहिली, ओबडधोबड आवृत्ती आहे.

परंतु त्या संरक्षणाचे बळ पाहा. हॉर्निगोल्ड इंग्रज जहाजांवर हल्ला करत नसे. त्याच्या मनात अजून जुने युद्ध चालू होते. त्याच्या खलाशांना हे मान्य नव्हते. त्याच १७१६ सालात त्यांनी मत घेऊन त्याला कप्तानपदावरून उतरवले आणि सॅम्युएल बेलामीला निवडले. ज्याच्या शब्दावर अख्खे बेट चालते असे वाटत होते, त्याचा शब्द त्याच्याच जहाजावर चालेना. आपल्या कथेतील पाच कप्तानांचा करारही मला येथेच कच्चा वाटतो. कप्तानाने चौकी नेमली म्हणून खलाशी ती मानतील, असे चाच्यांच्या जगात होत नाही, कारण कप्तान हा खलाशांच्या मर्जीवर असतो. चौकीवर सही कप्तानांची नव्हे, जहाजांची हवी. प्रत्येक जहाजावर मत घेऊन ती मान्य झालेली हवी. तो मतदानाचा प्रसंग आपल्या कथेत नाही, आणि माझ्या मते कथेची सुरुवात तोच आहे.

पगाराबद्दल माझे मत असे की रोख पगार देऊच नये. चौकीच्या हातात रोकड दिली की ती एक सहावी टोळी होईल. विल्यम किडचे उदाहरण घ्या. १६९६ मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन तो चाच्यांना पकडण्यासाठी निघाला, पण त्याच्या खलाशांना ठरलेला पगार नव्हता. शिकार मिळाली तर वाटा, नाही तर काही नाही. महिनोन्‌महिने शिकार मिळाली नाही, तेव्हा खलाशी कुरकुरू लागले आणि चाचे पकडायला निघालेले जहाज स्वतःच जहाजे धरू लागले. १७०१ मध्ये किडला लंडनमध्ये फाशी झाली. रखवालदाराचे पोट ज्या गोष्टीवर अवलंबून असते, तीच गोष्ट तो राखतो किंवा निर्माण करतो. चौकीला लुटीतला वाटा दिलात तर तिला लूट हवी असेल. दंडातला वाटा दिलात तर तिला भांडणे हवी असतील.

मग तिचे पोट कशावर भरावे? माझे उत्तर आहे, बंदरावर. लाकडी जहाजाच्या बुडाला त्या कोमट पाण्यात शंखशिंपले आणि शेवाळ चिकटते आणि कीड लाकूड पोखरते. दर काही महिन्यांनी जहाज उथळ वाळूत आणून, तोफा आणि सामान उतरवून, एका कुशीवर कलते करावे लागते आणि बूड खरवडून त्याला नवा लेप द्यावा लागतो. हे न केल्यास जहाज मंद होते, आणि मंद जहाजाचा चाचा उपाशी मरतो किंवा फासावर जातो. मात्र जहाज असे कलते पडलेले असताना ते पूर्णपणे असहाय असते. शेजारच्या जहाजावरील दहा माणसे ते जाळू शकतात. चाच्यांना शांतता हवी असते ती या दिवसांत. त्यात भर म्हणजे न्यू प्रॉव्हिडन्सवर नदी नाही, गोडे पाणी विहिरींचे. आपल्या बेटावरही तसेच करा. वाळूचा एक किनारा, दोन विहिरी आणि त्यांवर चौकी. जो बंदरात शस्त्र उपसेल त्याच्या जहाजाला पाणी नाही आणि किनारा नाही. चाळीस माणसे शंभर माणसांशी लढू शकत नाहीत, पण चाळीस माणसे दोन विहिरी राखू शकतात.

---

तळटीप

एक लहानशी हरकत. 'शांतिदल' हा शब्द धाग्याच्या शीर्षकात ठीक आहे, कथेत तो येऊ देऊ नये. ही कल्पना विसाव्या शतकातली आहे. संयुक्त राष्ट्रांचे पहिले सशस्त्र शांतिदल १९५६ मध्ये सुएझच्या पेचप्रसंगात उभे राहिले आणि त्यात भारतीय तुकडीही होती. पुढे या कामाची तीन सूत्रे रूढ झाली: भांडणाऱ्या पक्षांची संमती, दलाचा निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामगिरीचे रक्षण यांपलीकडे बळाचा वापर न करणे.

गंमत अशी की शब्द बाजूला ठेवला तर ही तिन्ही सूत्रे आपल्या गोलंदाजाला लागू पडतात, आणि तिन्ही त्याला छळतील. संमती पाच जहाजांची आहे. सहावे जहाज बंदरात आले तर त्याची संमती कोणी घ्यायची? निःपक्षपातीपणाचे म्हणाल तर गोलंदाज वीस वर्षे ज्या जहाजावर होता ते जहाज त्या पाचांत आहे की नाही? आणि बळाचा वापर न करणारा चाचा ही कल्पना कोणी गंभीरपणे घेईल का? जुने_नकाशे यांनी पाणी आणि किनारा सुचवला तो यासाठीच मला पटला. नकार देणे हे असे शस्त्र आहे की जे वापरताना रक्त सांडत नाही. तरीही तहानलेल्या माणसाला नकार देणे ही हिंसाच आहे, आणि हे आपल्या गोलंदाजाला कधीतरी कळले पाहिजे.

---

कुलाबकर

मी अलिबागचा. त्यामुळे चर्चा चाच्यांची निघाली की आमचे कान टवकारतात, कारण आमच्या सरखेलांना इंग्रजांच्या कागदांत सर्रास चाचे म्हटलेले आहे. कान्होजी आंग्रे चाचे नव्हते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षाला आले आणि मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचे दस्तक घ्यावे, घेतले तर त्या जहाजाला उपद्रव नाही, न घेतले तर जहाज धरले जाईल, असा त्यांचा नियम होता. त्यांच्याआधी दोनशे वर्षे पोर्तुगीज याच समुद्रावर 'कार्ताज' नावाचा परवाना सक्तीने विकत होते, तेव्हा त्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. तोच अधिकार एका मराठा सरदाराने बजावला आणि ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या जहाजांसाठी तो नाकारला, तेव्हा शब्द बदलला. हे विषयांतर वाटेल, पण ते धाग्याशी जोडलेले आहे. आपल्या बेटावर चाचा कोणाला म्हणायचे आणि पहारेकरी कोणाला, हे शेवटी कागद लिहिणारा ठरवतो.

आपल्या कथेसाठी मला दस्तकाची पद्धत उपयोगी वाटते. दस्तक म्हणजे केवळ कर नव्हे. ज्याने ते दिले, त्याने त्या जहाजाची जबाबदारी घेतलेली असते. दस्तक घेतलेल्या जहाजाला त्रास झाला तर दस्तक देणाऱ्याचीच पत जाते. आपल्या बंदरचौकीने बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला असा कागद द्यावा, किंवा लिहिता-वाचता येणारे कमी असल्यामुळे शिक्का मारलेला शिशाचा तुकडा द्यावा. तो असेपर्यंत किनारा आणि विहीर खुली. तळटीप यांच्या सहाव्या जहाजाचा प्रश्नही यातून सुटतो: बंदराच्या मुखाशी थांबा, शिक्का घ्या, मगच आत या. व्यापाऱ्यांनाही हेच हवे असते. नासाऊजवळच्या हार्बर आयलंडवर चोरीचा माल घेऊन चाच्यांना अन्नसामग्री पुरवणारे व्यापारी होते. ते आले नाहीत तर बेटावर पीठही मिळणार नाही, आणि त्यांना दर खेपेस कोणी लुटले तर ते येणार नाहीत. चौकीच्या पगाराचे पीठ आणि खारवलेले मांस त्यांच्याकडूनच घ्यावे. जुने_नकाशे म्हणतात त्याप्रमाणे रोकड नकोच.

आपल्या समुद्राचा आणि त्या बेटाचा एक धागा असाही आहे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले आणि पुढच्या वर्षी तो थेट नासाऊला जाऊन पोचला. तेथील गव्हर्नर निकोलस ट्रॉट याने हस्तिदंत, बंदुकीची दारू आणि खुद्द एव्हरीचे 'फॅन्सी' हे जहाज लाच म्हणून घेऊन त्याला बंदरात आसरा दिला. म्हणजे बेटावर गव्हर्नर होता तेव्हाही बंदर विकाऊच होते. आपल्या कथेतला 'पळून गेलेला जुना गव्हर्नर' नुसता भेकड दाखवण्यापेक्षा असा दाखवला तर बेटावरच्या लोकांना राजाच्या माणसाविषयी आदर का उरलेला नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक. १७२१ मध्ये कमोडोर टॉमस मॅथ्यूज हा इंग्रज आरमारी अधिकारी मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्याच्या कामगिरीवर पाठवला गेला. तो आला मुंबईला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगीजांबरोबर आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेला. कुलाबा पडला नाही. चाच्यांसाठी पाठवलेला माणूस भलत्याच तटावर डोके आपटतो, हे लष्करी मोहिमांत इतक्या वेळा घडले आहे की आपल्या कथेतही एखादे असे जहाज यायला हरकत नाही.

---

निळी_शाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. विहिरी आणि शिक्का या दोन गोष्टींनी माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. मतदानाचा प्रसंग लिहायला घेतला आहे. बेटावरील नदी पुसून टाकली. तिच्यावर मी दोन पाने लिहिली होती, ती गेली याचे थोडे वाईट वाटते.

आता दुसरी अडचण. कथेच्या मध्यात चौकीतला एक तरुण शिपाई फितूर होतो आणि रात्री एका टोळीला किनारा उघडा करून देतो. गोलंदाजाने त्याचे काय करावे, हे मला ठरवता येत नाही. त्याला मारले तर चौकी आणि चाचे यांत फरक राहात नाही, सोडले तर उद्या चौकी राहात नाही. शिवाय हा मुलगा गोलंदाजानेच शिफारस करून घेतलेला आहे. हा पेच मला थोडा नाटकी वाटतो. प्रत्यक्षात असे घडत असेल का?

---

जुने_नकाशे

घडले आहे, आणि आपण लिहिले आहे त्यापेक्षाही अधिक नाटकीपणे घडले आहे.

१७१७ च्या ५ सप्टेंबरला राजा पहिला जॉर्ज याने चाच्यांना अभयाचा कौल दिला: पुढच्या वर्षीच्या ५ सप्टेंबरपर्यंत शरण या, झाले-गेले माफ. १७१८ च्या आरंभी व्हिन्सेंट पिअर्स हा नौदल अधिकारी ही बातमी घेऊन नासाऊला आला, तेव्हा कौल घेणाऱ्यांची जी यादी त्याने केली तीत २०९ नावे होती. त्यांतले बरेच जण कागद खिशात ठेवून पुन्हा समुद्रावर गेले. जुलैअखेरीस नवा गव्हर्नर वुड्स रॉजर्स आला. चार्ल्स वेन नावाच्या कप्तानाने एक पकडलेले जहाज पेटवून त्याच्या ताफ्यावर सोडले आणि तो निसटला. बाकीचे चाचे मात्र किनाऱ्यावर उभे राहिले.

रॉजर्सपाशी सुमारे शंभर शिपाई होते, आणि त्यांतले बरेच थोड्याच आठवड्यांत आजाराने गेले. सोबत आलेल्या युद्धनौका निघून गेल्या. उरला रॉजर्स, पडका किल्ला आणि गावभर माफी घेतलेले चाचे. त्याने काय करावे? त्याने त्याच लोकांतून शिपाईदलाच्या तुकड्या उभारल्या. वेनच्या मागावर त्याने हॉर्निगोल्डला पाठवले, ज्याने वॉकरला हाकलले होते त्याच हॉर्निगोल्डला. तो बराच काळ परतला नाही, तेव्हा रॉजर्सला वाटले की हा पुन्हा चाच्यांना मिळाला. पण तो परतला, वेनला माल पुरवणाऱ्या एका माणसाला पकडून. ती वाट पाहणे हे माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत चांगले प्रकरण आहे, कारण त्या आठवड्यांत गव्हर्नरपाशी विश्वास ठेवण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

मग आपला पेच. रॉजर्सने अन्नसामग्रीसाठी आणि व्यापारासाठी काही जहाजे पाठवली. त्यांवरचे कितीतरी खलाशी माफी घेतलेले होते. वाटेत त्यांतल्या काहींनी बंड करून जहाजे ताब्यात घेतली. हॉर्निगोल्डनेच त्यांना पकडून आणले. डिसेंबर १७१८ मध्ये खटला चालला. न्याय देणाऱ्यांत टॉमस वॉकर होता, दोन वर्षांपूर्वी जीव घेऊन पळालेला. नऊ जण दोषी ठरले आणि त्यांत डेनिस मॅकार्थी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. हा साधा खलाशी नव्हता. शांत, समंजस माणूस अशी शिफारस झाल्यामुळे रॉजर्सने त्याला शिपाईदलात निशाणाचा अधिकारी नेमले होते, आणि चाच्यांना मिळाला तेव्हाही त्याच्यापाशी ती नेमणूक होती. खटल्याच्या नोंदीत ही गोष्ट त्याचा गुन्हा वाढवणारी म्हणून आवर्जून लिहिलेली आहे. आपला फितूर तरुण शिपाई तो हाच.

१२ डिसेंबरला त्यांना फाशीच्या तख्त्याशी नेले. मॅकार्थी कपडे बदलून आला होता. गळ्यात, मनगटांना, गुडघ्यांना आणि टोपीला लांब निळ्या फिती बांधलेल्या. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिले. ते सगळे त्याचे जुने सोबती होते. एकेकाळी या बेटावर असे शूर लोक होते की त्यांनी मला कुत्र्यासारखे मरू दिले नसते, अशा अर्थाचे तो बोलला. मग, तू बूट घालूनच मरशील असे माझे मित्र म्हणत असत, त्यांना मी खोटे पाडतो, असे सांगून त्याने पायातले बूट झटकून टाकले. गर्दीतून कोणी पुढे आले नाही. आठ जण फासावर गेले. नवव्याला, जॉर्ज राउन्सिव्हेल याला, तख्त्यावरूनच सोडवण्यात आले.

लक्षात घ्या, तेथे पहारा होता, पण गर्दी ठरवती तर पहारा पुरला नसता. त्या दिवशी गर्दी हलली नाही, यानेच रॉजर्सचे राज्य टिकले. पुढे १७२० च्या फेब्रुवारीत स्पॅनिश ताफा चालून आला तेव्हा गावाच्या बचावाला उभे राहिलेल्यांत हेच माजी चाचे होते. त्यामुळे आपण गोलंदाजाने काय करावे हे ठरवू नका. गोलंदाजाने त्या मुलाला विहिरीपाशी आणून उभे करावे आणि साऱ्या जहाजांची माणसे जमलेली असावीत. काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्या.

---

वल्हेकरी

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. रॉजर्सकडे राजा होता, मागे लंडन होते, कौल देण्याचा अधिकार होता. बंदरचौकीकडे यातले काहीच नाही, म्हणून तिचा न्याय राजाच्या न्यायासारखा दिसता कामा नये. तख्ता आणि दोर या गोष्टी चाच्यांना शत्रूच्या वाटतात. त्या आल्या की चौकी परक्यांची होईल.

चाच्यांची स्वतःची पद्धत होती, आणि ती वापरावी. जहाजावर क्वार्टरमास्टर हा निवडून दिलेला माणूस असे. लूट वाटणे, किरकोळ गुन्ह्यांना शिक्षा देणे आणि कप्तानाला आवर घालणे ही कामे त्याची. लढाई आणि पाठलाग सोडले तर कप्तानाचे एकट्याचे चालत नसे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम १७२४ मध्ये लंडनला छापले गेले, त्यांत प्रत्येकाला मत आहे, पैसे लावून जुगार खेळायला बंदी आहे, रात्री आठला दिवे मालवायचे आहेत, आणि जहाजावर कोणी कोणावर हात उगारायचा नाही असेही आहे. भांडण मिटलेच नाही तर दोघांना किनाऱ्यावर नेत, क्वार्टरमास्टर त्यांना काही पावलांच्या अंतरावर एकमेकांकडे पाठ करून उभे करी, हुकूम होताच वळून गोळी झाडायची, दोघांचाही नेम चुकला तर तलवारी, आणि ज्याने पहिले रक्त काढले तो जिंकला. लढाईत हातपाय गमावलेल्याला सामाईक निधीतून भरपाई होती. ज्यांना आपण कायदा मोडणारे म्हणतो त्यांच्या जहाजावर त्या काळच्या व्यापारी जहाजांपेक्षा जास्त लिखित नियम असावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या भगिनींच्या प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर येथे आहे: ते राजाचा कायदा मोडत, स्वतः सही केलेला नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की चौकीचे चाळीस जण कोणा एका टोळीचे किंवा भाडोत्री नसावेत. प्रत्येक जहाजाने आपापल्या क्वार्टरमास्टरच्या पसंतीची आठ माणसे द्यावीत आणि एका जहाजाच्या माणसांनी स्वतःच्या जहाजावर पहारा देऊ नये. फितुराला शिक्षा त्यांच्या नियमांतलीच असावी, म्हणजे निर्जन बेटावर सोडणे: पाण्याची एक बाटली, एक बंदूक, थोडी बंदुकीची दारू आणि गोळ्या. रॉबर्ट्सच्या नियमांत सोबत्यांना फसवणाऱ्याला हीच शिक्षा सांगितली आहे. ती देताना कोणाला हात रक्ताने माखावा लागत नाही, आणि तरीही ती दोरापेक्षा दयाळू आहे असे कोणी म्हणणार नाही. त्याला नावेतून नेऊन सोडणारा माणूस गोलंदाजच असावा.

---

निळी_शाई

वल्हेकरी, पाच जहाजे आणि प्रत्येकी आठ माणसे हा हिशेब इतका सरळ होता की तो मला सुचला नाही याची लाज वाटते. तसेच करतो.

जुने_नकाशे आणि आपण यांच्यात शिक्षेबद्दल जो मतभेद आहे, तो मी कथेतच ठेवणार आहे. दोन क्वार्टरमास्टर हेच बोलतील: एक म्हणेल दोर, दुसरा म्हणेल निर्जन बेट, आणि जमलेली माणसे मत देतील. मत निर्जन बेटाच्या बाजूने पडेल. कुलाबकर यांचा शिशाचा शिक्का त्या मुलाच्या गळ्यात असेल आणि तो काढून घ्यायचा की नाही हे नियमांत कोठेच लिहिलेले नसेल.

शेवटचा प्रसंग काल रात्री लिहिला. गोलंदाज त्याला नावेत बसवून नेतो, वाळूवर उतरवतो, बंदूक आणि पाण्याची बाटली खाली ठेवतो. मुलगा काहीतरी बोलतो, पण तो गोलंदाजाच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला उभा आहे. गोलंदाज त्याला पुन्हा बोलायला सांगत नाही आणि वल्ही पाण्यात घालतो. बहिणीला आज पाठवले आहे. तिचे उत्तर आले की येथे कळवीन.